गाडीची खांदशेकणी

माझं तोंड फाटकं आहे, असं सासरचे लोक इतकी वर्षं म्हणत आले आहेत. म्हणोत बापडे. मनात आलं की मी बोलते, समोर घरचा असो की पाहुणा. भाजीत मीठ कमी असलं तर बोलते, अन् जावयाच्या गाडीच्या चाकात हवा कमी दिसली तरी बोलते. पण मी जन्मापासून अशी नव्हते. लहानपणी एकदा एक रात्र अन् अर्धा दिवस मी तोंड मिटून बसले होते, आणि त्याचं भेव अजून माझ्या पोटातून गेलेलं नाही.

आणीबाणीच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मोहाडी तालुक्यात आमचं गाव, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी साठवलेली भातशेतं, आणि गावाच्या तोंडाशी मोठा तलाव. बाबा राईस मिलमध्ये इंजिन सांभाळायचे, गरज पडली तर मिलचा ट्रकही चालवायचे. घरी थोडी शेती, एक बैलजोडी. आई, बाबा, बाबांचा लहान भाऊ म्हणजे माझा काका, आणि मी अकरा वर्षांची. बाबांच्या रागाला सगळं घर टरकून असायचं. नट उलटा बसवला म्हणून त्यांनी एकदा काकाला पाना फेकून मारला होता. काकाच्या कपाळावरची ती खूण शेवटपर्यंत राहिली.

माझी मोठी बहीण भंडाऱ्याजवळच्या शहापूरला दिलेली. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात तिला माहेरी आणलं ते आमच्या खासरातून, म्हणजे बैलगाडीतून. वाटेत एका ट्रकनं भोंगा वाजवला, बैल बुजाले आणि खासर रस्त्याखाली उलटलं. ताई वाचली. बाळ वाचलं नाही. बाबांनी बैलांना चाबूक दाखवला नाही, कोणाला एक शब्द बोलले नाहीत. तीन दिवस जेवले नाहीत, चौथ्या दिवशी ताटावर बसले आणि म्हणाले, "पुढच्या खेपेस माह्या लेकीले मी मोटारीनं आणीन."

मोटार! आमच्याकडे धड सायकल नव्हती. पण गावच्या जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या गोठ्यात एक काळी मोटार पडून होती, साहेबाच्या काळातली. गोल दिवे, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लांब फळ्या, मागे पाठीवर बांधलेलं जादा चाक. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मालगुजाराच्या मुलानं सांगितलं, घेऊन जा, गोठा तरी मोकळा होईल. बाबांनी बैल जुंपले आणि ती मोटार ओढत घरी आणली. रस्त्यानं सगळं गाव हसत होतं. "म्हातारीले पाटावर बसवाले आणलं का गा?" असं कोणीतरी ओरडलंही. बाबांनी मान वळवली नाही.

दोन वर्षं आमचं घर त्या गाडीपायी राबलं. बाबा मिलवरून आले की अंगणात गाडीखाली शिरत. गंजलेले बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, सकाळी मी ते चिंधीनं घासायची. काकानं पत्रा ठोकून सरळ केला. आईनं मिलच्या पोत्यांची खोळ शिवली, त्यात काटेसावरीचा कापूस भरला आणि वरून रेक्झिन चढवलं. ताईच्या पाठीला धक्का लागू नये म्हणून मागच्या सीटमध्ये दुप्पट कापूस. रेडिएटर गळत होता, तर बाबांनी त्यात मूठभर हळद टाकली. दोन दिवसांत गळणं थांबलं! मी डोळे फाडून पाहत राहिले. हळदीनं माणसाची जखम भरते हे माहीत होतं, लोखंडाचीही भरते हे नवीनच होतं. ही हळदच पुढे माझ्या डोक्यात घुसून बसली.

ताईला पुन्हा दिवस गेले. आठवा लागला तेव्हा पोळा तोंडावर आलेला. ठरलं असं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला आणायचं, कारण पोळा अमावास्येचा, त्या दिवशी कोण लेकीला घराबाहेर काढतं? गाडीचं सगळं झालं होतं, फक्त ब्रेक राहिले होते. बाबांनी नागपूरहून नवे लायनर, म्हणजे वर बसणाऱ्या जाड पट्ट्या, आणून ब्रेकच्या शूजवर ठोकले. चारही चाकं काढलेली, ड्रम काढून भिंतीला टेकवलेले, गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी. तेवढ्यात बाबा म्हणाले, बाकीचं उद्या. कारण त्या संध्याकाळी खांदशेकणी होती.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो. त्याला कोमट तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं हळूहळू चोळायची, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलांचं झालं. वाटीत तूप-हळद उरली. आई हसत म्हणाली, "जा वं, त्या गाडीलेबी लाव जराशी. तिनं का कमी ओझं वाहलं?"

आईनं मस्करी केली. पण मी वाटी घेतली आणि गेले.

गाडीचा खांदा कुठं असतो? मी भोवती फिरून पाहिलं. चाकांच्या जागी, आत, अर्ध्या चंद्रासारखे दोन-दोन शूज होते, जुवाखालच्या बैलाच्या खांद्यासारखेच वाकलेले. त्यांच्यावरचे नवे लायनर कोरडे ठणठणीत, खरबरीत. मला इतकं वाईट वाटलं! उद्या एवढं ओझं ओढायचं अन् असा कोरडा खांदा. मी चारही चाकांच्या जागी बसून, पानानं चोळून चोळून तूप मुरवलं. वाटी पुसून घेतली. बाबांना चकित करायचं होतं म्हणून कोणाला सांगितलं नाही. आणि दर चाकापाशी वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बैल धुवायला तलावावर गेले. काकानं ड्रम चढवले, चाकं बसवली. दुपारी गाडी ठोकळ्यांवरून उतरली, बाबांनी अंगणात पुढे-मागे हलवून पाहिली. मी ऐटीत उभी होते. आपलं तूप कामाला लागलं, असं वाटत होतं.

संध्याकाळी पोळा फुटला, बैल घरोघरी ओवाळून झाले. काका अंगणात मित्रांना गाडी दाखवत होता. मी पायरीवर बसून पुरणपोळी खात होते. काका म्हणाला, "आतला बूट ड्रमले घासते, तवा चाक रुकते. म्हणून तिथं कोरडं पायजे. थेंबभर तेल लागलं तं बूट घसरते. मंग ब्रेक दाबत बसा, गाडी तुमच्या बापाचंबी ऐकत नाही." सगळे हसले.

मी हातातली पोळी खाली ठेवली. मी मनाशी म्हटलं, तूप म्हणजे तेल नाही. तूप तर देवाजवळ लावतात. पुन्हा म्हटलं, मुरून गेलं असेल. पण माझ्या नखांत कालचं पिवळं अजून होतं. मी हात पाठीमागं लपवला.

सांगून टाकावं, एवढीच गोष्ट होती. पण सांगायचं कोणाला? बाबांना? कपाळावर पाना खाल्लेला काका समोरच उभा होता. दोन वर्षांची मेहनत माझ्यामुळं नासली असं कळलं तर मला उभं सोलतील, असंच वाटलं. आईकडे गेले, तर ती ताईसाठी लाडू वळत होती. म्हणाली, "तोंड काहून उतरलं वं तुयं? ताई येऊन राहिली नं उद्या." मी म्हटलं, "काही नाही." ते पहिलं 'काही नाही'. पुढं मी ते कितीदा म्हटलं, मलाच माहीत.

सकाळी बाबा हँडल मारून गाडी सुरू करत होते आणि ती होत नव्हती. मी जवळ गेले. "बाबा, एक सांगू काय?" बाबा वसकन म्हणाले, "आता नाही. हट तिकडं!" तेवढ्यात इंजिन फुरफुरलं, अंगणातली माणसं ओरडली, नारळ फुटला. मी रडून रडून हट्ट धरला की मलाही न्या. आईला वाटलं, ताईसाठी रडते. खरं असं होतं की मी ठरवलं होतं, काही झालंच तर आपल्यालाही व्हावं. अकरा वर्षांच्या पोरीचा न्याय.

बाबा चालवायला, काका शेजारी, मी मागे एकटी. जुन्या गाडीची एक खोड होती, उतारावर गिअर आपोआप सुटायचा, म्हणून काका दांडा हातानं दाबून बसायचा. रस्ता सपाट, गाडी हळू. मी प्रत्येक सायकलवाल्याला, प्रत्येक बकरीला मनातल्या मनात सांगत होते, बाजूला हो, बाजूला हो.

वरठीला रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. पुढे सायकली, त्यांच्या मागं धानाच्या पोत्यांचं एक खासर. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी चालतच राहिली. त्यांनी पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला, खाडकन गिअर पाडला, आणि गाडी गचके खात खासराच्या मागच्या लाकडापासून वीतभरावर थांबली. मालगाडी धडधडत गेली. बाबांच्या मानेवरून घाम ओघळून सदऱ्यात शिरताना मी पाहिला. मला वाटलं, राग आला. काकानं बाबांकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागला. बाबा म्हणाले, "नवे लायनर हायेत. घासून घासून बसतीन." कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले.

शहापूरला ताईच्या दारात माणसं गोळा झाली. सासूनं तिची ओटी भरली, गाडीला हळदकुंकू लावलं. हळद पाहून मी तोंड फिरवलं. ताई दोन्ही हात पोटाखाली धरून हळूच मागे बसली, सीट दाबून पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. "मायवं, पालखीच केली बाबानं." मग माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक ढुसणी लागली. ताई म्हणाली, "पाह्य, मावशीले ओळखते."

"ताई वं..."

"काय?"

"काही नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आज लिहितानाही तो हात चटका बसल्यासारखा मागे घ्यावासा वाटतो.

परत येताना बाबा इतकी हळू चालवत होते की सायकली पुढे जात होत्या. ऊन चढलं होतं. भंडारा मागे पडला, वरठीचं फाटक देवाच्या कृपेनं उघडं मिळालं. आणि मग गाडीत वास येऊ लागला. लोणी कढवताना घरभर सुटतो तसा, खमंग. ताई नाक वर करून म्हणाली, "कोणाच्या घरी तूप कढवून राहिले वं? केवढा चांगला वास!" भोवती एक घर नव्हतं, नुसत्या बांध्या. काकानं खिडकीची काच खाली केली. मी ओढणी तोंडात कोंबली.

गावाआधी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध लागतो. रस्ता पाळीवर चढतो आणि पलीकडं एकदम खाली गावात उतरतो. डावीकडे काठोकाठ भरलेला तलाव, उजवीकडे धानाच्या बांध्या. गाडी वर आली तेव्हा मला उताराच्या पायथ्याशी ती दिसली, सगळ्या गावची लेकरं. तान्हा पोळा होता त्या दिवशी. लाकडाचे चाकवाले बैल सजवून, दोरीनं ओढत, ती रस्ताभर उभी होती. गाडी पाहून ती नाचू लागली. बाजूला व्हायचं सोडून आमच्याकडेच धावत आली.

गाडी खाली लागली, आणि काकाच्या घामेजल्या हातातून दांडा निसटला. गिअर सुटला.

तेव्हा माझं तोंड फुटलं. "बाबा, थांबवा! मी ब्रेकले तूप लावलं! थांबवा गाडी!"

"थांबवूनच राहिलो वं!" बाबांचा आवाज चिरकला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "थांबत नाही! थांबत नाही ते!"

लेकरं जवळ येत होती. कोणाच्या तरी बैलाच्या शिंगांना लाल बेगड लावलेली दिसली, इतकी जवळ. ताईनं दोन्ही हातांनी पोट आवळलं आणि माझ्या अंगावर वाकली. बाबांनी सगळ्या अंगानं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी रस्ता सोडून उडाली, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून घसरली आणि धानाच्या बांधीत शिरली. चिखलानं चाकं धरली. तुडुंब भरलेली, रोवणी होऊन महिना झालेली बांधी, नुसता लोण्यासारखा गाळ. गाडी दहा-बारा हात गेली आणि खोल रुतून बसली.

इंजिन बंद पडलं. मग फक्त बेडकांचा आवाज.

"पोरी," काका म्हणाला.

ताईनं डोळे मिटले होते. दोन्ही तळवे पोटावर ठेवून ती वाट पाहत होती. मग म्हणाली, "हाये. फिरून राहिलं आत."

बाबा दार उघडून खाली उतरले ते गुडघाभर चिखलात. पुढच्या चाकाशी वाकले. ड्रमच्या फटीतून पातळ पिवळं काहीतरी ओघळलं होतं. त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं. माझ्याकडे पाहिलं. मी उतरून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि डोळे गच्च मिटले. म्हटलं, "खांदशेकणीचं होतं जी. मीच लावलं. काल समजलं मले, पण तुमचं भेव लागे."

थप्पड आली नाही. डोळे उघडले तर काका चिखलात उभा होता, मान खाली. "भाऊ, मीबी पाहलं होतं," तो म्हणाला. "ड्रम चढवतानी पिवळं दिसलं. मले वाटलं, नव्या लायनरले कंपनीवालेच काही लावत असतीन. इचारलं असतं तं तुमी म्हटलं असतं, एवढंबी समजत नाही काय. म्हणून नाही इचारलं."

बाबा दोन्ही हातांनी मडगार्ड धरून उभे होते. ज्या हातांना आम्ही सगळे भ्यायचो ते हात. "वरठीच्या फाटकावरच समजलं मले," ते म्हणाले, आम्हाला नाही, चाकाकडे पाहत. "का ब्रेक नाही लागून राहिले. मले वाटलं, माह्याच हातचं काम बिघडलं. रिकामी गाडी घेऊन गावात वापस आलो असतो तं लोक हासले असते. मलेबी भेवच लागलं."

ताई मागे बसून हे सगळं ऐकत होती. तिच्या सीटला काहीच झालं नव्हतं. इतका कापूस, एक धक्का लागला नव्हता तिला. ती हळूहळू सरकत खाली उतरली. काका धरायला गेला, तिनं हात झटकला. चिखलात पाय रोवून उभी राहिली आणि एकेकाकडे पाहिलं, आधी काकाकडे, मग माझ्याकडे, शेवटी बाबांकडे.

"तुमाले तिघायलेबी मालूम होतं," ती म्हणाली. "अन् तुमी मले बसवलं."

बाबा एक पाऊल पुढे आले.

"मांगच्या खेपेस बैल बुजाले होते, बाबा. बैलायले बिचाऱ्यायले काही मालूम नव्हतं."

एवढं बोलून ती धुऱ्यावर चढली आणि गावाकडे चालू लागली, आठ महिन्यांचं पोट धरून, हळूहळू. तिच्या चपला चिखलात राहिल्या होत्या. बाबांनी हात घालून त्या शोधून काढल्या, धोतराला पुसल्या, आणि त्या हातात धरून तिच्या चार पावलं मागं चालत राहिले. पायथ्याशी लेकरं आपापले लाकडी बैल छातीशी धरून गप्प उभी होती. परवाच ज्यांचे खांदे शेकले त्याच बैलांनी दुपारी गाडी बांधीबाहेर ओढून काढली.

पुढं सगळं चांगलं झालं. ताईला मुलगी झाली, सुखरूप. बाबांनी चारही ड्रम उघडून पेट्रोलनं धुतले, नवे लायनर ठोकले, आणि त्या गाडीनं आमच्याकडं खूप वर्षं काम दिलं. कितीजणांना दवाखान्यात नेलं, किती वराती काढल्या. पण त्या दिवसानंतर बाबा गाडी सुरू करण्याआधी मागं वळायचे, बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहायचे आणि विचारायचे, "कोणाले काही सांगाचं हाये काय?" लहान पोर असलं तरी त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचे. नवरदेवालाही विचारायचे. लोकांना गंमत वाटायची. आम्ही घरचे हसायचो नाही.

ताई त्या गाडीत पुन्हा कधी बसली नाही. ती माहेरी एसटीनं यायची आणि फाट्यावर उतरायची. तिथून गाव दीड कोस. बाबा तिला घ्यायला जायचे. अंगणात धुऊनपुसून गाडी उभी असायची, अन् ते तिची पिशवी खांद्यावर घेऊन, पाळीवरून, तिच्यासोबत पायी यायचे.